निदान

'निदान' हा शब्द आपल्या भाषेत मोठा गमतीचा आहे. वैद्याच्या तोंडी तो आला म्हणजे रोगाचे कारण ओळखणे असा त्याचा अर्थ होतो. केवळ रोग ओळखण्याच्या विद्येला वाहिलेला माधवकराचा जुना संस्कृत ग्रंथ 'माधवनिदान' याच नावाने ओळखला जातो. परंतु तोच शब्द माजघरात आला की त्याचा नूर पालटतो. 'निदान फोन तरी करायचास', 'निदान दोन घास तरी खाऊन जा', असे आपण म्हणतो तेव्हा त्यात रोगाचा वासही नसतो. तेथे तो 'कमीत कमी' एवढेच सांगतो.

हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले हे भाषापंडितांनी सांगावे. मी पंडित नव्हे. आमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचे तर माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून लागलो, त्याला वीस-बावीस वर्षे झाली. रात्री घर झोपले म्हणजे कादंबऱ्या लिहितो. परंतु गेल्या वर्षी डोंबिवलीच्या आमच्या घरात असा एक प्रसंग घडला की, या दोन अर्थांचे नाते मला माझ्यापुरते तरी उमगले. प्रसंग एका बिघडलेल्या फ्रीजचा आहे. दिवाळीच्या ताटात हा कसला पदार्थ, असे वाचकांना वाटेल. पण शेवटपर्यंत आलात तर कदाचित त्याची चव लागेल.

आमचा फ्रीज दहा वर्षांचा. दोन दारांचा, वर बर्फाचा खण आणि खाली बाकीचे सारे. घेतला तेव्हा दुकानदाराने त्याच्या अंगावर थाप मारून सांगितले होते, "हा फ्रॉस्ट-फ्री आहे, यात बर्फ साचण्याची भानगडच नाही." ते वाक्य मी वेदवाक्यासारखे मनात जपून ठेवले. श्रावणात एके दिवशी सकाळी दूध नासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नासले. भाज्यांनी माना टाकल्या. वरच्या खणात मात्र बर्फ दगडासारखा. वर हिमालय आणि खाली कोकण, अशी त्या कपाटाची अवस्था झाली.

मग घरात निदानांना ऊत आला. माझे निदान ठरलेले होते: आई दार उघडे टाकते. आईचे वय पंच्याहत्तर; फ्रीज उघडून तिथेच उभी राहून 'मी काय घ्यायला आले होते गं?' असे सुनेला विचारण्याची तिला सवय. पत्नीचे म्हणणे, विजेचा दाब कमी-जास्त होतो. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "गॅस गेला." ते कधीही, कोणत्याही यंत्राविषयी, गॅस गेला असेच म्हणतात. मुलीचे निदान सर्वांत सोपे: नवा घ्या. आज मागे वळून पाहताना जाणवते की, या सर्व निदानांत फ्रीजविषयी फारसे काही नव्हतेच. ज्याचे त्याचे मन मात्र त्यांत स्वच्छ दिसत होते. आईच्या विसराळूपणाला मी कंटाळलो होतो, म्हणून मला कारण तेथेच सापडले.

आईनेही आपले मत दिले होते. ती म्हणाली, "अरे, मागे बर्फ साचला असेल. एकदा पुरता बंद करून ठेव."

मी हसलो. "आई, हा तुझा जुना फ्रीज नाही. यात बर्फ साचत नाही."

तिचा जुना फ्रीज म्हणजे एका दाराचा. भारतात फ्रीज तयार होऊ लागले ते 1958 साली, गोदरेजच्या कारखान्यात. आमच्यासारख्यांच्या घरांत ते यायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. त्या फ्रीजमध्ये थंडी कमी-जास्त करण्याच्या चकतीच्या मधोमध एक बटण असे. बर्फाचा थर बोटभर झाला की आई शनिवारी रात्री ते बटण दाबी, खाली ताटली ठेवी, आणि रविवारी सकाळी ती भरलेली ताटली दोन्ही हातांनी तोलत मोरीपर्यंत नेई. ती बर्फ वितळवण्याची विद्या तिने तीस वर्षे केली होती. मी ती हसण्यावारी नेली.

गणपतीला आम्ही चार दिवस गावी गेलो. फ्रीज रिकामा करून, दार उघडे ठेवून, बंद केला होता. परत येऊन चालू केला तो अगदी उत्तम चालला! मी लगेच पक्ष बदलला आणि जाहीर केले की, विजेचा दाबच होता, आता सुधारला. दहा-बारा दिवसांनी, ऐन पितृपक्षात, दूध पुन्हा नासले. ज्याला डोळे आहेत त्याला येथेच सारे कळले असते. चार दिवस बंद राहिल्याने बरा होतो आणि दहा दिवस चालल्याने आजारी पडतो, असा हा रोग कोणता? परंतु मी ते कोडे सोडवायला बसलोच नाही. बोनस मिळाला की कोणाला तरी बोलावू, असे म्हणून दिवस ढकलले. दूध रोजच्या रोज आणू लागलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आईला मधुमेह आहे आणि ती दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या थंड जागी, दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात, एवढे आम्हांला ठाऊक होते. खालचा भाग गरम झालेला पाहून मला त्या कुप्यांची काळजी वाटली. ही काळजी खरी होती, हे मी आजही म्हणेन. मी दोन नव्या कुप्या उचलल्या आणि जेथे थंडी भरवशाची होती त्या वरच्या खणात, बर्फात ठेवून दिल्या.

नवरात्रात पहिली कुपी काढली तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, हे गोठलंय सगळं."

मी म्हणालो, "वितळेल. बर्फ वितळला की पाणीच ना होतं?"

कुपी वितळली. तिच्या तळाशी बारीक कण बसलेले दिसत. आम्ही ती दोन तळहातांत धरून घोळवत असू आणि टोचत असू.

दसऱ्यापर्यंत आईची साखर वाढू लागली. जेवणानंतर 180च्या आसपास असणारा आकडा 300च्या वर जाऊ लागला. ती थकून बसे, रात्री चार-चार वेळा उठे, पाणी पिई. मला कारण लगेच सापडले. सणांचे दिवस, घरात गोडधोड, आणि आईला गोडाची आवड. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी यंत्रात 340 हा आकडा आला तेव्हा मी यंत्र तिच्यापुढे धरले आणि म्हणालो, "आई, खरं सांग. काय खाल्लंस?"

"एक चमचा दूध घेतलं रे काल. तुझ्या समोरच."

"एका चमच्यानं एवढी होत नाही."

ती काही बोलली नाही. तिचे ते गप्प बसणे मला कबुलीसारखे वाटले. त्याच दिवशी मी रव्याच्या लाडवांचा डबा उचलला, स्टुलावर चढलो आणि तो माळ्यावर ठेवून दिला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. मी शाळेत मुलांना चित्रे काढायला शिकवतो. परंतु ते एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून काही केल्या पुसले जात नाही.

दिवाळीच्या आधी आठ दिवस, पाहुणे येणार म्हणून, अखेर मेकॅनिक बोलावला. कल्याणहून एक पंचविशीतला मुलगा आला. पाठीला पिशवी, शर्टाच्या खिशात छोटी बॅटरी. मी त्याला दारातच निदान ऐकवले: "गॅस गेला असणार. नाहीतर आमची आई दार उघडं टाकते."

तो म्हणाला, "बघूया काका," आणि पुढे त्याने जे केले ते मी स्टुलावर बसून पाहिले.

प्रथम त्याने खिशातून एक कागदाची पट्टी काढून दाराच्या रबरात धरली, दार लावले आणि पट्टी ओढली. चारही बाजूंनी असे केले. पट्टी अडत होती. "दार चांगलं लागतंय. आजींची चूक नाही," तो सहज म्हणाला. इतके सोपे होते ते! कागदाची एक पट्टी माझ्या घरात रद्दीच्या भावाने होती, आणि आईवरचा तो आरोप मी दोन महिने तसाच ठेवला होता.

मग त्याने विचारले, "मध्ये कधी बरेच दिवस बंद होता का? आणि त्यानंतर चांगला चालला का?" गणपतीची हकीकत सांगताच तो मान हलवून हसला. पाठीमागचा पत्रा-प्लास्टिकचा पडदा काढायला त्याने वरचा खण रिकामा करायला घेतला, आणि बर्फाच्या ट्रेमागे त्याच्या हाताला ती दुसरी, न उघडलेली कुपी लागली.

"काका, हे इन्सुलिन वर का ठेवलंय?"

"खाली गरम होतं ना."

"गोठलेलं चालत नाही ते," तो म्हणाला. "माझे वडील घेतात. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, एकदा गोठलं की फेकून द्यायचं, वितळलं तरी घ्यायचं नाही."

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तेच सांगितले. गोठल्याने त्या औषधाची घडण मोडते. वितळल्यावर ते कधी पूर्वीसारखे दिसते, कधी त्यात कण दिसतात, परंतु त्याच्या ताकदीचा भरवसा राहत नाही. ते त्याच क्षणी बंद करून नवी कुपी आणायला आणि आईला दाखवायला घेऊन यायला त्यांनी सांगितले. मी फोन ठेवला. आतून स्क्रू पडल्याचा आवाज आला.

परत आलो तेव्हा पडदा निघाला होता. त्यामागे बर्फाची एक अखंड भिंत होती. पांढरीशुभ्र, वरपासून खालपर्यंत सारखी. तो मुलगा मला समजावू लागला आणि मी पहिल्यांदा कोणाचे तरी नीट ऐकले. बर्फ न साचणारा फ्रीज असा नसतोच, तो म्हणाला. हवेतली वाफ थंड नळीवर बसणारच. पावसाळ्यात तर जास्तच. या फ्रीजमध्ये तो बर्फ आपल्याला दिसत नाही, एवढेच. दर काही तासांनी घड्याळासारखे एक यंत्र थंडी बंद करते, नळीखालचा हीटर वीस-पंचवीस मिनिटे पेटवते, बर्फ वितळतो, पाणी नळीतून खाली उतरून मागच्या भांड्यात जाते आणि तेथल्या उष्णतेने उडून जाते. हे न झाले की थर वाढत जातो, पंख्याची हवा अडते, आणि वरची थंडी खाली पोचत नाही. वर बर्फ आणि खाली गरम, त्याचे कारण हे.

"पण गॅस?" मी अजून शेजारच्या काकांना सोडले नव्हते.

"गॅस कमी असता तर नळीच्या एका टोकालाच बर्फ दिसला असता. हा बघा, सगळीकडे सारखा आहे. म्हणजे थंडी चांगली होतेय, वितळतच नाही."

त्याने स्क्रू-ड्रायव्हरने ते घड्याळी यंत्र हळूहळू फिरवले. टक असा आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला. आता हीटर तापून बर्फ चरचरायला हवा होता. आम्ही दोघे कान देऊन बसलो. काही ऐकू आले नाही. मग त्याने प्लग काढला आणि मीटर लावला. हीटर शाबूत होता. फ्यूज शाबूत होता. उरली एक बोटभर रुंदीची चकती, नळीला चिमट्याने बसवलेली. तिला ते बायमेटल म्हणतात. थंडीत ती वीज जाऊ देते आणि बर्फ वितळून ऊब आली की आपोआप तोडते. "ही गरम असताना तपासली तर चांगली असली तरी बंदच दाखवते," तो म्हणाला, "म्हणून बर्फात असतानाच बघायची." बर्फात असतानाही ती मुकीच राहिली. दोष सापडला.

मी सुरी आणायला निघालो तर त्याने थांबवले. सुरीने बर्फ उकरताना नळीला भोक पडले की मग खरोखरच गॅस जातो. त्याने गरम पाण्याची पातेली आत ठेवायला सांगितली. आई आतून म्हणाली, "बर्फ साचलाय ना? मी सांगत होते याला." तो म्हणाला, "आजी, तुम्हीच बरोबर सांगितलं होतं." दुपारी कल्याणच्या बाजारातून आणलेली नवी चकती बसली आणि संध्याकाळी फ्रीज सुरू झाला.

त्या रात्री मी आईजवळ जाऊन बसलो. सारे सांगितले. औषध मीच बिघडवले आणि आरोप तुझ्यावर केला, असे म्हणालो. मला वाटले होते, ती रागावेल किंवा 'जाऊ दे रे' म्हणेल. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी खात नव्हते ना?"

मला समजेना. ती म्हणाली, "तू इतकं ठामपणे म्हणालास की मलाच वाटायला लागलं, रात्री झोपेत उठून खात असेन का मी? विसरायला तर होतंच. मी डबे मोजून ठेवायला लागले होते."

वाचकहो, या वाक्यापाशी मी अजून अडलेलो आहे.

मी या घटनेचा पुष्कळ विचार केला आहे. माझ्या हातून दोन गोष्टी घडल्या. एक, औषध गोठवले. दुसरी, आईला खोटे ठरवले. पहिलीने तिच्या शरीराला अपाय केला आणि तो अधिक धोक्याचा होता. तरीही मला स्वतःला क्षमा करायची झाली तर पहिलीची मी करू शकतो. दुसरीची करवत नाही. असे का? पहिली चूक मी न जाणता केली. मला ठाऊक नव्हते, आणि जे केले ते काळजीपोटी केले. विचारायला हवे होते, हे खरे. कुपीच्या वेष्टनावरची सूचना वाचायला हवी होती, हेही खरे. परंतु दुसरी गोष्ट मी न जाणता केली नाही, न तपासता केली. अज्ञान आणि खात्री यांत हा फरक आहे. अज्ञानी माणूस अंधारात चाचपडतो. खात्री झालेला माणूस दिवा मालवूनच चालू लागतो, आणि वाटेत ज्याला धक्का लागेल त्यालाच म्हणतो, तू मध्ये का आलास?

कोणी म्हणेल, 'प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर संसार कधी करायचा?' आक्षेप खरा आहे. डॉक्टर, शिक्षक, आई-बाप, सारे अंदाजावर चालतात. अंदाज करू नये असे माझे म्हणणे नाही. तो मुलगाही अंदाज करीत होता. गणपतीची हकीकत ऐकताच त्याला रोग कळला होता, हे त्याच्या हसण्यावरून दिसत होते. तरीही त्याने पट्टी लावली, यंत्र फिरवले, मीटर धरला. आपला अंदाज खोटा ठरण्याची संधी त्याने प्रत्येक पायरीला त्या फ्रीजला दिली. मी आईला ती एकदाही दिली नाही.

माणसाचे निदान चुकते, ही काही लाजेची गोष्ट नव्हे. बर्फ तयार करणाऱ्या यंत्राची कथाच चुकीच्या निदानापासून सुरू होते. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा प्रांतात जॉन गॉरी नावाचा डॉक्टर होता. ताप हा दमट, दूषित हवेने येतो असे त्याचे मत होते, आणि म्हणून रुग्णांच्या खोल्या गार करण्यासाठी तो धडपडत होता. त्या धडपडीतून 1851 साली त्याला बर्फाच्या यंत्राचे पेटंट मिळाले. तापाचे कारण डास, हे कळायला शतकाची अखेर उजाडावी लागली. गॉरीचे कारण चुकले, पण त्याने कोणा रुग्णाला दोष दिला नव्हता. तो हवेशी झुंजत होता.

दुसरे उदाहरण माझ्या पेशाला जवळचे आहे. जॉन डाल्टन या मोठ्या शास्त्रज्ञाला काही रंग ओळखता येत नसत. 1794 साली त्याने स्वतःच्या त्या उणिवेवर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असे होत असावे, असा त्याचा अंदाज होता. परंतु त्याने सांगून ठेवले की, माझ्या मृत्यूनंतर डोळे तपासून पाहा. 1844 साली तो वारला; डोळे तपासले; द्रव स्वच्छ निघाला. त्याचा अंदाज खोटा ठरला. त्याचे डोळे जपून ठेवले होते, त्यांवरून 1995 साली खरे कारण कळले: रंग ओळखणारे एक द्रव्य त्याच्या डोळ्यांत मुळातच नव्हते. आपले मत मेल्यावर तरी तपासले जावे, अशी व्यवस्था करून जाणारा माणूस मला संतासारखा वाटतो.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता. तो झाडाची पाने तपकिरी रंगवी. मी त्याला दोन वर्षे 'लक्ष कुठे असतं तुझं?' म्हणून रागावत असे. एकदा त्याची वही वर्गाला दाखवून मुलांना हसवलेही. पुढे शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि कळले की, हिरवा आणि तपकिरी त्याला वेगळे दिसतच नाहीत. मुलांना मी रोज सांगतो, 'ठाऊक आहे ते काढू नका, दिसते ते काढा.' त्या मुलाने दिसत होते तेच काढले होते. मीच त्याच्याकडे न पाहता, मला ठाऊक असलेला आळशी मुलगा पाहत होतो. इतके होऊनही मी आईच्या बाबतीत तेच केले. तेव्हा, अनुभवाने माणूस शहाणा होतो, या म्हणण्यावरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. अनुभवावरही थर साचतो.

आपण कारण शोधताना वस्तूकडून माणसाकडे इतक्या चटकन का वळतो? मला वाटते, माणसावर दोष ठेवायला काही उघडावे लागत नाही. फ्रीजचा पडदा काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो, मीटर लागतो, शिकलेला हात लागतो. आईला दोष द्यायला नुसते तोंड पुरते. शिवाय यंत्र स्वतःवर शंका घेत नाही. माणूस घेतो. खोट्या आरोपाचे सर्वांत भयंकर फळ ज्याच्यावर आरोप होतो त्याच्या रागात नसते. आपल्यावर प्रेम करणारे माणूस आपले बोलणे खरे मानून स्वतःवरचा विश्वास गमावून बसते, हे ते फळ. जो परका असतो तो भांडतो. जो आपला असतो तो डबे मोजू लागतो.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. अंदाज वस्तूवर बसत असेल तर खुशाल करावा; चुकला तर वस्तू रुसत नाही. परंतु अंदाजाचे बोट माणसाकडे वळले की हात आखडता घ्यावा आणि जी साधी, फुकटची तपासणी असेल ती आधी करावी. निदान एक कागदाची पट्टी लावून पाहावी. निदान एकदा त्या माणसाला विचारावे, आणि उत्तर आल्यावर ते खरे धरून चालून पाहावे. निदान हा शब्द वैद्याच्या घरातून आपल्या घरात आला तो यासाठीच असेल, असे मला आता उगाच वाटते.

आईची साखर नव्या औषधाने दोन आठवड्यांत ताळ्यावर आली. डॉक्टरांनी मला रागे भरले नाही. त्यांनी भरायला हवे होते. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे, फडके रोडवर सारी डोंबिवलीची तरुण मंडळी नटूनथटून लोटलेली असताना, मी आईला हाताला धरून गणपतीच्या देवळात नेले. गर्दीतून वाट काढताना ती म्हणाली, "परत जाऊया का? तुला शाळेची कामं असतील." मला सुट्टी होती, हे ती विसरली होती. ती विसरतेच, तेवढे माझे निदान बरोबर होते.

घरी आल्यावर मी स्टुलावर चढलो आणि माळ्यावरचा तो डबा खाली काढला. लाडू केव्हाच खवट झाले होते. ते टाकले, डबा घासला, आणि नव्या लाडवांनी भरून फळीवर, तिचा हात पोचेल अशा जागी ठेवला. तिने डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहाचे आधण चढवले. डबा आजही तिथेच आहे. त्यात किती लाडू आहेत, हे आमच्या घरात आता कोणी मोजत नाही.